तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू

४ सप्टेंबर

पोचलो एकदाचा! ट्रंक, गादी, पाण्याची बाटली आणि मी, सगळे धडधाकट. ही वही बायकोने निघताना पिशवीत घातली. म्हणाली, अहो, दिवसभर बडबड करायची सवय तुम्हाला, तिथे ऐकायला मी नाही, तर हिला सांगत जा. तेव्हा वहीबाई, ऐका.

नोकरी अशी आहे. चार मजल्यांची इमारत, प्रत्येक मजल्यावर दोन बिऱ्हाडं आणि या सगळ्या पसाऱ्याचा व्यवस्थापक मी. नळ गळला की प्लंबर बोलवायचा, जिन्यातले दिवे बघायचे, नव्या माणसाला घर दाखवायचं, जुन्याचं कपाट उतरवताना भिंतींना ओरखडे पडत नाहीत ना यावर डोळा ठेवायचा. मालक गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात आणि गुडघ्यांमुळे इकडे फारसे फिरकत नाहीत. म्हणजे इथला राजा मीच. इतकी वर्षं चपलांच्या दुकानात लोकांच्या पायाशी बसून काढली. आज किल्ल्यांचा जुडगा घेऊन जिना चढताना छाती आपोआप पुढे आली, खोटं कशाला बोलू.

राहायला जिन्याखालची खोली मिळाली आहे. खोली कसली, गादी पसरली की दार उघडत नाही आणि दार उघडलं की गादी पसरत नाही. माझं भागेल, पण महिनाअखेरीला बायको आणि भिंगरी येणार. भिंगरी म्हणजे आमची लेक. नाव वेगळंच आहे, पण ती एका जागी उभी राहिलेली अजून कुणी पाहिलेली नाही. ती इथे फिरणार कुठे, हा प्रश्न आहे. बघू.

७ सप्टेंबर

भाडेकरूंची ओळख झाली. नावं मला लक्षात राहत नाहीत, पायताणं राहतात. पहिल्या मजल्यावरचे आजोबा पाय घासत चालतात. चौथ्यावरची दोघं नवराबायको दाराबाहेर बुटांचा ढीग घालून ठेवतात. तिसऱ्यावर डावीकडे एक शिक्षिका एकट्या राहतात, त्यांना सगळी इमारत नुसतं 'बाई' म्हणते. साध्याच सँडल, पण पट्टा सरळ आणि पॉलिश कडक. अशी माणसं नियमाला धरून असतात, हा माझा अनुभव.

अनुभव आज तोंडावर आपटला. बाई सकाळीच आल्या आणि म्हणाल्या, मला घर सोडायचंय, मुदत संपायच्या आधी. करार वर्षाचा, त्यातलं निम्मं वर्षही झालेलं नाही. मी दुकानातला चेहरा बाहेर काढला. चप्पल चावते म्हणून परत करायला आलेल्या गिऱ्हाइकाला कसं परत पाठवायचं, हे मला कुणी शिकवायला नको. आधी ऐकून घ्यायचं, मान हलवायची, मग गोड आवाजात सांगायचं की दोन दिवस घालून बघा, सैल होते हळूहळू. बाईंनाही तेच सांगितलं. नवं घर असंच असतं, थोडं थांबा, सवय होईल.

त्या हलल्या नाहीत. मग मी करारावर आलो. मधेच सोडायचं तर आपल्या जागी दुसरा भाडेकरू आणून द्यायचा, मालकांना घर एक दिवसही रिकामं चालत नाही. हे ऐकून बाईंचा चेहरा पांढरा पडला. म्हणाल्या, मी कुणालाही तिथे आणणार नाही. मग अनामत बुडेल, म्हटलं. बुडू दे, म्हणाल्या, आणि निघून गेल्या. 

९ सप्टेंबर

आज कारण कळलं. कारण म्हणू की काय म्हणू.

दुपारी जिन्यातला दिवा बदलत होतो. बाई शाळेतून आल्या. आपल्याच दारासमोर उभ्या राहिल्या, दारावर टकटक केली, थोडा वेळ थांबल्या आणि मग किल्ली लावली. मी विचारलं, पाहुणे आलेत का घरात. त्यांनी मला आत बोलावलं.

घर पाहून मला आधी त्यांचीच कीव आली, की असं घर कुणी सोडतं का! दोन मोठ्या खोल्या, उजेडाचं स्वयंपाकघर, पुढे लांबलचक गॅलरी. भिंगरी या गॅलरीत काय धावेल, हेच माझ्या डोक्यात.

बाई पदराशी चाळा करत बोलत होत्या. पूर्वी त्या आईबरोबर राहायच्या. घरातून निघताना आपण सगळेच म्हणतो तसं त्या म्हणायच्या, येते गं. आई गेली. त्या इथे राहायला आल्या, पण तोंडातली सवय जाते थोडीच. रोज सकाळी कुलूप लावताना रिकाम्या घराला म्हणायच्या, येते गं. कितीतरी दिवस काही नाही. मग एकदा परत आल्या तर पंखा चालू. दुसऱ्यांदा खुर्चीवर बसल्या तर खुर्ची गरम, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. बाई म्हणाल्या, मी रोज सांगून जात होते ना येते म्हणून, तर इथे कुणीतरी वाट बघायला लागलं.

पुढचं ऐकताना मात्र मीही जरा सरळ होऊन बसलो. गेल्या महिन्यात त्या शाळेत असताना त्यांची धाकटी बहीण इथे येऊन गेली. संध्याकाळी तिचा फोन आला, ताई, आज किती छान गप्पा झाल्या, कितीतरी दिवसांनी तू अशी मोकळी बोललीस. बाई तेव्हा नुकत्या घरी पोचत होत्या.

मी त्यांना समजावलं. आई गेल्याचं दुःख, एकटेपणा, वर शाळेतली दगदग. बहिणीचा दिवसांचा घोळ झाला असेल. बाईंनी शांतपणे ऐकलं. विद्यार्थ्याने न वाचता लिहिलेलं उत्तर वाचावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

१२ सप्टेंबर

डोकं असावं तर असं! बायकोशी फोनवर बोलताना जिन्याखालच्या खोलीचा विषय निघाला. ती काही बोलली नाही, पण तिचं न बोलणं मला चांगलं कळतं. फोन ठेवला आणि लख्ख उजेड पडला. बाईंना दुसरा भाडेकरू आणायचा नाही, मालकांना घर रिकामं नको, मला घर हवं. मग मीच भाडेकरू!

मालकांना विचारलं. पगारातून भाडं वळतं करून घेऊ म्हणाले, उलट खूशच झाले. पाठ थोपटायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून माझी मीच थोपटली.

बाईंना सांगितलं तर त्या आनंदायच्या सोडून हात जोडायला लागल्या. म्हणाल्या, तुम्ही नका राहू, लेकुरवाळा माणूस आहात. मी हसण्यावारी नेलं. शेवटी त्यांनी माझ्याकडून एक वचन घेतलं. घरातून निघताना रिकाम्या घराला काही म्हणजे काही बोलायचं नाही. गुपचूप कुलूप लावायचं आणि चालू लागायचं. एवढंच ना, म्हटलं. तोंडाला कुलूप लावायचं तेवढं अवघड जाईल.

१५ सप्टेंबर

वरती राहायला आलो. वा! सकाळी गॅलरीत ऊन येतं, तिथे बसून चहा प्यायलो. बायकोला फोन करून गॅलरीची लांबी, स्वयंपाकघरातली फळी, खिडक्यांची संख्या, सगळं वर्णन केलं. ती फार म्हणजे फार खूश झाली. भिंगरीने मागून ओरडून विचारलं, तिथे गोल गोल फिरता येतं का? म्हटलं, चक्कर येईपर्यंत.

घरात घालायला स्वतःसाठी नव्या चपला आणल्या. जुन्या दुकानाच्या नावाला शोभतील अशा, मऊ तळव्याच्या.

बाई काल गेल्या. जाताना घराकडे वळून पाहिलं नाही आणि माझ्याकडे मात्र बराच वेळ पाहिलं.

१८ सप्टेंबर

गंमत झाली. चौथ्या मजल्यावर पाइप फुटला, प्लंबर खालून हाका मारतोय, मी एका हाताने शर्टाची बटणं लावतोय, दुसऱ्या हाताने कुलूप. आणि तोंडातून निघून गेलं, येतो गं!

घरात नाही बायको, नाही पोर. मग कुणाला म्हणालो? जिन्यात माझं मलाच हसू आलं. काय करणार, आईने लहानपणी तसं वळणच लावलंय. 'जातो' म्हटलं की पाठीत धपाटा मिळायचा, 'येतो' म्हण. अशी जिभेला बसलेली गोष्ट काही वचन देऊन सुटते का?

दिवसभर विसरून गेलो होतो. आता लिहिताना आठवलं. काही झालेलं नाही.

२० सप्टेंबर

पंखा चालू राहिला होता. निघताना बंद करायचा राहिला असेल, घाईत होतो.

खुर्ची गरम लागली. तिच्यावर दुपारचं ऊन येतं. म्हणजे येत असणार. उद्या बघतो.

२१ सप्टेंबर

मुद्दाम दुपारी येऊन पाहिलं. खुर्चीवर ऊन येत नाही.

बाईंनी डोक्यात भरवून दिलंय, दुसरं काय. आपण इतक्या कच्च्या काळजाचे नाही. संध्याकाळी बायकोशी बोललो, बरं वाटलं. तिला यातलं काही सांगितलं नाही. एवढ्या हौसेने गॅलरी दाखवायची आणि आता काय सांगायचं, की खुर्ची गरम आहे?

२२ सप्टेंबर

चपलांचं लिहितो. चपलांच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही.

संध्याकाळी कामावरून आलो. बाहेरचे बूट काढले आणि दाराशी ठेवलेल्या घरातल्या चपलांत पाय घातले. आतून गरम. उन्हाची ऊब वेगळी असते, पायाची वेगळी. मी आयुष्यभर लोकांनी घालून बघितलेल्या चपला परत खोक्यात ठेवल्या आहेत. त्या कुणाच्या तरी पायातून आत्ताच निघाल्या होत्या.

उलटून पाहिल्या. विकत आणून आठवडा झाला, त्याही मी फक्त सकाळ-संध्याकाळ घालतो. डाव्या चपलेची टाच बाहेरच्या बाजूने झिजली आहे. माझी तशीच झिजते. लहानपणी पाय मोडला होता, तेव्हापासून डावा पाय जरा ओढत चालतो मी. पण इतकी टाच झिजायला वर्ष लागतं. कुणीतरी या घरात दिवसभर चालत असलं पाहिजे. सारखं. माझ्या पायाने.

मला भीती वाटते आहे. लिहून टाकलं.

२३ सप्टेंबर

सकाळी निघताना ओठ घट्ट मिटून घेतले. कुलूप लावलं. किल्ली काढत होतो तेव्हा दाराच्या पलीकडून, अगदी लाकडाला तोंड लावून बोलावं तसा आवाज आला. लवकर या.

आवाज ओळखीचा होता. कुणाचा ते आठवत नव्हतं. जिना उतरून रस्त्यावर आलो, चहावाल्याकडे एक चहा मागितला आणि तेव्हा कळलं. कारण त्याच आवाजात मी चहा मागितला होता.

बिछाना घेऊन जिन्याखालच्या खोलीत आलो आहे. वर जाणार नाही.

वर कुणीतरी फेऱ्या मारतंय. एक पाय ओढत.

२४ सप्टेंबर

बाईंच्या शाळेत जाऊन आलो. मला फाटकात पाहूनच त्यांनी ओळखलं. रागावल्या नाहीत. विचारलं, बोललात ना? मी मान खाली घातली.

मग त्यांनी ते सांगितलं, जे मी त्या दिवशी ऐकून घेणार नव्हतो म्हणून राहून गेलं होतं. ते घर आधी फक्त वाट बघतं. वाट बघून कंटाळलं की आपण करतो ते ते करायला लागतं. पण खरं संकट त्याच्या पुढचं आहे. आपल्या माणसाने त्याला आपण समजून हाक मारली, त्याच्याशी बोललं, की मग त्याला आपली गरज उरत नाही. आणि त्या माणसालाही उरत नाही. धाकटी बहीण आता बाईंशी धड बोलत नाही. समोर बसली तरी परक्यासारखी बघते. म्हणते, ताई, तू पहिल्यासारखी राहिली नाहीस, त्या दुपारी तू किती माझी वाटत होतीस. 

माझा हात धरून म्हणाल्या, तुमची माणसं त्या दारात पाऊल ठेवायच्या आत घर सोडा.

महिनाअखेर सहा दिवसांवर आली आहे. बायको मला नाही, दुसऱ्याच कुणाला तरी अहो म्हणेल. भिंगरी त्याच्या कडेवर—नाही. लिहवत नाही.

उद्या मालकांना सांगतो. घर सोडलं, किल्ली टाकली, की बायकोला काय ते सांगेन. गाववाले हसले तरी हरकत नाही.

२५ सप्टेंबर

मालकांना फोन केला. म्हटलं, मला घर सोडायचंय, आजच. अनामत ठेवा, पगार ठेवा, नोकरी ठेवा.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग गोड आवाजात म्हणाले, नवं घर असंच असतं, थोडं थांबा, सवय होते. हे शब्द मी ओळखतो. माझेच आहेत.

मी हट्टाला पेटलो, ओरडलो. तेव्हा ते बुचकळ्यात पडले. म्हणाले, अहो, आज सकाळीच तर तुम्ही घरी येऊन गेलात. मुदत वाढवून द्या म्हणालात. घर फार आवडलंय, मंडळी येतायत, आता इथेच कायमचं राहायचं म्हणालात. माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीत. चहा घेतलात.

मी सकाळी प्लंबरबरोबर टाकीवर होतो.

म्हणजे ते बाहेर पडतं. दाराबाहेर पडतं.

बायकोला फोन लावतोय. उचलत नाही.

२६ सप्टेंबर, सकाळ

लागला फोन. येऊ नकोस म्हटलं. इकडे येऊ नकोस, माहेरी जा, कुठेही जा.

हसली. म्हणाली, हे काय नवीन? परवापासून तुमचा जप चाललाय, लवकर या, लवकर या. काल तर दोनदा फोन केलात. म्हणून तर आधी निघालो.

मी काल एकदाही—तिने उचललाच नव्हता—

गाडीत बसलो आहोत म्हणाली. दुपारी पोचू. मी म्हटलं, काल बोलला तो मी नव्हतो. ती म्हणाली, पुरे आता थट्टा, भिंगरी ऐकतेय, घाबरेल. मग गाडी कुठल्याशा बोगद्यात शिरली आणि आवाज तुटला.

स्थानकावर जाऊन उभा राहतो. उतरल्या की तिथूनच परत गाडीत बसवतो. घराकडे फिरकू देणार नाही.

२६, दुपार

गाडी लवकर येऊन गेली होती.

हमालाला विचारलं. एक बाई आणि एक छोटी मुलगी? हो म्हणाला, सारखी गिरक्या घेत होती ती ना? एक गृहस्थ आले होते त्यांना घ्यायला. मुलगी धावत जाऊन त्यांना बिलगली. पेटी त्यांनीच उचलली.

मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाला, तुमचे भाऊ का?

घराकडे निघालोय. रिक्षात लिहितोय.

२६

दाराबाहेर बायकोच्या चपला. भिंगरीचे लाल बूट, नोकरी सोडताना दुकानातून आणले होते ते.

किल्ली लागते, फिरत नाही.

दार ठोठावलं. हाका मारल्या. तिच्या नावाने, भिंगरीच्या खऱ्या नावाने. घसा बसला. आत भांड्यांचा आवाज. हसण्याचा. गॅलरीत धावण्याचा, गोल गोल. चक्कर येईपर्यंत.

समोरच्या बिऱ्हाडातून दार उघडून बघितलं कुणीतरी. मला विचारलं, कोण हवंय आपल्याला? काल याच माणसाचा नळ दुरुस्त करून दिला मी—

खाली बसलो आहे. दाराखालच्या फटीतून दिसतंय. छोटे पाय आले. थांबले. एका जागी. भिंगरी एका जागी उभी आहे.

तिच्या शेजारी त्या चपला. डावी टाच झिजलेली.

ती विचारतेय, बाबा, बाहेर कोण ओरडतंय?

माझा आवाज. इतक्या मायेने मी कधी बोललो होतो? म्हणतो, कुणी नाही गं, भाडेकरू आहे. मुदतीआधी घर सोडायचं म्हणतोय.

आतून बायकोने विचारलं, अहो, मग काय सांगितलंत त्यांना?

म्हटलं थोडं थांबा. सैल होतं हळूहळू.

हसली ती. तिचं ते हसू माझं—

पाय वळले. बाळा, जाऊ नकोस. ही वही फटीतून आत सरकवतोय. तुझ्या पहिल्या पाटीवर मीच अक्षरं काढून दिली होती, तू गिरवली होतीस, आठव, माझं अक्षर तरी तू ओळख—